वरचं मॉडेल

संस्कृती डबा उघडायला बसली होती, तेवढ्यात शोरूमच्या काचेतून तिला तिचे वडील गेणूराव, म्हणजे आबा, दिसले. एका जीपमधून ते जपून उतरत होते. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला नवी टोपी. आबांची ही टोपी लग्नकार्याशिवाय ट्रंकेतून निघत नाही. त्यांच्या मागून बावड्याचे आप्पासाहेब उतरले, मग कमरेवर हात ठेवून लीलाबाई, आणि जीपला कुलूप लावून शेवटी अविराज आला.

अविराजशी तिचं लग्न ठरलं होतं; आप्पासाहेब आणि लीलाबाई त्याचे आईवडील. सुपारी फुटून महिना होऊन गेला होता, तारीख फाल्गुनातली धरली होती. बस्ता बांधायला बारामतीत आले असतील आणि जाता जाता आपल्याला भेटायला आले असतील, असं तिला वाटलं. डबा तसाच झाकून ती हसत दारापर्यंत गेली. लीलाबाईंनी तिच्या हनुवटीला हात लावून बोटं ओठांना लावली. अविराज गालात हसला. आबांनी मात्र एकदा तिच्याकडं पाहिलं आणि पायातल्या चपलांकडं बघत उभे राहिले.

आप्पासाहेब सरळ मॅनेजरच्या टेबलाकडं गेले.

"वरचं मॉडेल दावा," ते म्हणाले. "मोठ्या चाकाचं."

मॅनेजरला पाहुणे कोण ते माहीत होतं. घरचंच गिऱ्हाईक म्हटल्यावर संस्कृतीच सगळं दाखवेल, असं म्हणून त्यानं चहा सांगितला.

संस्कृती भिगवण रस्त्यावरच्या ह्या शोरूममध्ये तीन वर्षं गाड्या विकत होती. काटेवाडीहून स्कूटीनं यायची. आधी फक्त दारात उभं राहून नमस्कार करायचं काम होतं. मग माहिती देता देता ती स्वतःच गाड्या विकायला लागली. येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा एकच विचारायचा, ॲव्हरेज किती देते? त्याचं उत्तर ती कागदावर छापलेलं देत नसे. रोज कुठं जाणार, रस्ता कसला आहे, घरात म्हातारं माणूस कोण आहे, हे आधी विचारायची. वाडीवस्तीवरून येणाऱ्याला ती खालचं मॉडेल घ्या म्हणायची. तीच गाडी, तेच इंजिन. पण खालच्या मॉडेलला चौदा इंची चाक आणि वर जाडजूड टायर. वरच्याला सतरा इंची चकचकीत चाक, आणि त्याच्यावर टायरची नुसती पट्टी. गुळगुळीत रस्त्यावर, वळणावर ती गाडी जास्त पक्की बसते हे खरं. पण खड्डा आला की जाड टायर जो दणका स्वतः खातो, तो पातळ टायर माणसाच्या पाठीला देतो. चाक जड आणि टायर रुंद, म्हणून पेट्रोलही जास्त लागतं. हे ती गिऱ्हाइकाला सांगते म्हणून मॅनेजरनं तिला दोनदा केबिनमध्ये बोलावून झापलं होतं.

तिनं स्वतःसाठीही तीच खालच्या मॉडेलची पांढरी गाडी ठरवली होती. शोरूमची शाखा इंदापुरात निघणार होती आणि मॅनेजरनं तिथली जागा तिला कबूल केली होती. लग्नानंतर बावड्याहून इंदापूरला रोज जायचं, सुट्टीच्या दिवशी काटेवाडीला यायचं, असा तिचा हिशेब होता. बुकिंग तिच्या नावावर, तिच्या पगारातून झालं होतं. अविराजला तिनं फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "घे की. तुझा पगार, तुझी गाडी." बाकी त्याच्याबद्दल तिला फारसं माहीत नव्हतं. बावड्यात त्याचं खत-औषधाचं दुकान होतं, बोलायला मवाळ होता. पण त्या एका वाक्यावर तिनं मनातल्या मनात लग्नाला होकार दिला होता.

आता अविराज वरच्या मॉडेलच्या चाकापाशी उकिडवा बसला होता आणि चाकाच्या आऱ्यांवरून बोटं फिरवत होता. बैलाच्या बाजारात खांद्यावरून हात फिरवावा तसा. आबा त्याच्या मागं उभे होते. त्यांच्या तोंडावरही कौतुक होतं, हे तिच्या नंतर ध्यानात आलं.

तिला वाटलं, आप्पासाहेबांना गाडी घ्यायची असेल. ऊस बरा झाला असेल, घेतात तर घेऊ देत. तरी तिनं नेहमीचं विचारलं. दोन्ही गाड्या चालवून बघा, मग ठरवा, म्हणाली. आप्पासाहेब म्हणाले, ठरलेलं हाय, पण फिरून येऊ.

अविराजनं वरचं मॉडेल चालवायला घेतलं. संस्कृती त्याच्या शेजारी बसली, मागं आबा, आप्पासाहेब आणि मधे लीलाबाई. भिगवण रस्त्यावर गाडी लोण्यासारखी पळाली. अविराज खूश होता. मग तिनं त्याला शहराबाहेर काढून कन्हेरीकडच्या आतल्या रस्त्याला वळायला लावलं. कारखाने सुरू झालेले, उसाच्या ट्रॉल्यांनी त्या रस्त्याची चाळण केली होती. पहिल्याच खड्ड्यात खालून धाडकन आवाज आला. लीलाबाईंनी पुढच्या सीटची पाठ धरली. दुसऱ्या खड्ड्यात त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. त्यांच्या मणक्यात गॅप होती, कमरेला पट्टा असायचा. हे सुपारीच्या वेळी बायकांच्या बोलण्यात संस्कृतीनं ऐकलं होतं. ती अविराजला म्हणाली, जरा सावकाश घ्या. त्यानं सावकाश घेतली. तरी प्रत्येक खळग्याला गाडी कण्हत होती आणि तिच्याबरोबर लीलाबाईही.

शोरूमला परत येऊन तिनं त्यांना खालच्या मॉडेलमध्ये बसवलं आणि ह्या वेळी गाडी स्वतः चालवली. तोच रस्ता, तेच खड्डे, वेगही तोच ठेवला. गाडी डुलली, पण दणका आला नाही. कन्हेरीच्या अलीकडं लीलाबाईंनी धरलेली सीट सोडून दिली.

"ह्यात बरं वाटतंय की गं," त्या म्हणाल्या.

संस्कृतीला बरं वाटलं. तिनं मग सगळं समजावून सांगितलं, चाकाचं, टायरचं, ॲव्हरेजचं. अविराज म्हणाला, ॲव्हरेजची काळजी करू नकोस, आपण तिच्यात ते महागातलं शंभर नंबरचं पेट्रोल टाकू, त्याचा एक दोस्त तेच टाकतो. ती म्हणाली, ते पेट्रोल ज्या इंजिनासाठी बनवलंय त्याला त्याचा उपयोग, ह्या इंजिनाला ते टाकून काही मिळत नाही. टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं कुठलं घालायचं ते, तेवढं घातलं की पुरे. मागून आप्पासाहेब म्हणाले, आता पेट्रोलमधी आमच्याच उसाचा अर्क असतो, आमच्या घरचंच हाय म्हणायचं. तिनं खरं ते सांगितलं, की त्या इथेनॉलच्या मिश्रणानंही ॲव्हरेज थोडं उतरतं. आप्पासाहेबांना ते आवडलं नाही.

"आईला त्या गाडीत तरास होईल हो," ती अविराजला म्हणाली.

"आई वर्सातनं दोनदा बसंल गाडीत," अविराज म्हणाला. "दारात उभी राहिल्यावर दिसली पायजे. त्या बारक्या चाकाला काय शोभा हाय?"

"पोराला आवडंल ती घ्या," लीलाबाई लगेच म्हणाल्या. "माझं काय."

समोरून उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. त्याला वाट द्यायला संस्कृतीनं गाडी एका उसाच्या फडाशेजारी घेतली आणि थांबवली. थांबल्या थांबल्या, कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारते तसं तिनं विचारलं, "मामा, गाडी कुणाच्या नावावर करायची?"

"अविराजच्या," आप्पासाहेब म्हणाले. "पैसं गेणूराव देत्यात."

ट्रॅक्टर आवाज करत शेजारून चालला होता. आपण नीट ऐकलं का, असं तिला क्षणभर वाटलं. तिनं आरशात पाहिलं. आबा खिडकीतून उसाकडं बघत होते.

"आबा?"

"हौसंनं देतूय," आबा म्हणाले. मान वळवली नाही.

"कधी ठरलं हे?"

"सुपारीच्या दिशीच," उत्तर आप्पासाहेबांनी दिलं. "आमी काय मागितलं न्हाय हां. तुज्या वडलानंच इषय काढला. आमी म्हनलं, द्यायचीच तर जरा बरी द्या. चार मान्सांत उभी राहील अशी."

महिनाभर. म्हणजे तिनं फोनवर आपल्या पांढऱ्या गाडीबद्दल सांगितलं तेव्हाही. ती अविराजकडं वळली आणि त्याला माहीत होतं का, हे तिनं विचारलं. तो म्हणाला, त्याला वाटलं तिला ठाऊक आहे.

"मग माझ्या बुकिंगचं काय?"

"रद्द कर की. एका घरात दोन गाड्या कशाला? तुला कुटं जायचं आसंल तितं मी सोडीन."

"इंदापूरला रोज?"

मागून लीलाबाई समजूत घालायच्या सुरात म्हणाल्या, की नोकरीचं लग्नानंतर बघू असं ठरलंय, आधी वर्ष-दोन वर्षं घरात रमली म्हणजे झालं, नोकरी काही पळून जात नाही. हे कुणाशी ठरलंय ते संस्कृतीनं विचारलं नाही. गाडीत ती सोडून सगळ्यांना ते माहीत होतं.

ट्रॅक्टर निघून गेला होता. रस्ता मोकळा होता. तिनं गाडी सुरू केली. तिचे हात इतके घट्ट झाले होते, की गिअर टाकताना मनगट दुखलं. तरी प्रत्येक खड्डा तिनं नेहमीसारखा चुकवत आणला. ह्याच गोष्टीचा तिला पुढं कितीतरी दिवस संताप येत राहिला. तेवढं ऐकूनसुद्धा ती त्या लोकांना अलगद घेऊन आली होती.

शोरूममध्ये मॅनेजरनं पेढे आणि बुकिंगचा कागद तयार ठेवला होता. कागदावर विक्री करणाऱ्याच्या नावापुढं तिचं नाव लिहिलेलं होतं.

"मी ही गाडी विकणार नाही," ती म्हणाली.

मॅनेजरला आधी गंमत वाटली. मग त्यानं तिला केबिनमध्ये नेलं. घरचं भांडण घरी ठेव, असं तो म्हणाला. अशा लग्नाच्या गाड्यांवरच आपली शोरूम चालते, तू स्वतः किती विकल्या ते आठव. हे खरं होतं आणि म्हणूनच ते तिला जास्त झोंबलं. हार घातलेल्या गाडीपुढं नवऱ्यामुलाच्या हातात चावी देताना तिनं किती वेळा टाळ्या वाजवल्या होत्या. त्या गाड्यांचे पैसे कुठून आले, नवरीला काही विचारलं होतं का, हे तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. तिनं मॅनेजरला सांगितलं, आजपासून अशी एकही गाडी मी विकणार नाही, काय करायचं ते करा.

केबिनच्या काचेतून तिला दिसलं, शोरूममधल्या दुसऱ्या मुलानं कागद पुढं केला आणि आबांनी खिशातलं पेन काढून सही केली. सगळं ऐकून, तिचं तोंड बघून, तरी त्यांनी सही केली.

निघताना अविराज तिच्याजवळ आला. जीपशी बाकीचे उभे होते, म्हणून हळू बोलला. रागावू नकोस, म्हणाला. हा हुंडा नव्हे, त्याच्या तिन्ही मित्रांच्या बायका गाडी घेऊनच आल्या आहेत, आणि त्यांच्यापेक्षा आपली बारकी दिसली तर तुलाच वाईट वाटेल. ती म्हणाली, तुमच्या मित्रांच्या बायका मला माहीत नाहीत, मला एवढंच सांगा की तुझा पगार तुझी गाडी हे तुम्ही खरं बोलला होता का. तो म्हणाला, बोलण्यात माणूस बोलतो.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा तिची आई, छबूबाई, अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. सकाळच्या बाजारात न्यायच्या होत्या. आबा जोत्यावर बसले होते, पांढरा शर्ट अजून अंगातच होता. संस्कृतीनं स्कूटी लावली आणि हेल्मेट न काढताच त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"मला का सांगितलं न्हाय?"

आबांनी आधी सगळी नेहमीची कारणं सांगितली. एकुलती एक पोरगी, रीत असते, पाहुण्यांत मान राहतो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी मागितली आसती तर तुमी अडचणीत सापडला म्हनलं आसतं. त्यांनी मागितलीच न्हाय. तुमी आपनहून दिली."

"माझी ऐपत हाय," आबांचा आवाज चढला. "म्या कुणाचं कर्ज काडलं न्हाय. भाजीत मिळवलंय, उसात मिळवलंय. कारखान्याच्या मीटिंगला जातो तितं ज्याच्या-त्याच्या जावयाची गाडी उभी आस्ती. माझ्या जावयाची नको? मलाबी आवडली ती गाडी. तिचं चाक बघितलंस का, कसं दिसतंय!"

संस्कृतीनं हेल्मेट काढून जोत्यावर आपटलं. आबांवर कुणी जबरदस्ती केली असती तर तिचा राग बावड्याकडं गेला असता. पण त्यांनाच ती हवी होती. लेक देताना लेकीपेक्षा गाडी मोठी दिसावी, असं ह्या माणसाला मनापासून वाटत होतं.

"आन नोकरी?" ती म्हणाली. "ती कुणाला देऊन टाकलीत?"

"ते त्यांच्या घरचं हाय. सासरी गेल्यावर त्यांच्या म्हन्यानं वागायचं."

ती आईकडं वळली. छबूबाईंच्या हातातली जुडी बांधून झाली होती तरी त्या सुतळी गुंडाळतच होत्या.

"तुला म्हाईत हुतं?"

"मला कोन इचारतंय?" छबूबाई म्हणाल्या.

"इचारलं न्हाय ते म्हाईत हाय मला. म्हाईत हुतं का, ते सांग."

छबूबाईंनी मान हलवली. व्हय.

त्या रात्री संस्कृती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं अविराजला फोन केला आणि शांतपणे सांगितलं: मोठी गाडी तुम्हाला आवडते, तर तुमच्या पैशानं तुम्ही घ्या, मी माझ्या गाडीतून येईन, इंदापूरची नोकरी करीन, आणि हे तुम्ही आप्पासाहेबांसमोर बोला. अविराज म्हणाला, गाडी दोघांच्या नावावर करू, म्हणजे तुझंही राहील. तो भाव कमी करून बघत होता. तिनं पुन्हा तेच विचारलं, वडिलांसमोर बोलणार का?

"वडलांसमोर आसं बोलता येत न्हाय," तो म्हणाला.

"मग मी बोलते."

तिनं आबांना बरोबर चला म्हटलं. ते आले नाहीत. हात धुऊन ट्रॅक्टरकडं निघून गेले. रविवारी ती एकटीच एस.टी.नं इंदापूरला गेली आणि तिथून दुसऱ्या गाडीनं बावड्यात उतरली. सुपारीची साडी आणि अंगठी एका पिशवीत होती. तिला बघून आप्पासाहेब खुर्चीतून उठलेच नाहीत. मुलीनं एकटीनं यायची पद्धत नाही, वडिलांना पाठव, असं म्हणाले. अविराज दुकानात होता, त्याला कुणी बोलावलंही नाही. ती उभीच राहिली आणि जे सांगायचं ते तिनं सांगितलं, की लग्न होणार नाही. का, ते ह्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आप्पासाहेबांनी आवाज चढवला. तीन वर्षं गाड्या विकून पोरगी शेफारली, असं म्हणाले. एका चाकावरनं चांगलं स्थळ लाथाडतीस, पस्तावशील. ती त्यांच्यावर ओरडणार होती. पण तिचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडं गेलं. लीलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या आणि पाणी द्यावं की नाही, हे नवऱ्याच्या तोंडाकडं बघून ठरवत होत्या.

"मावशी," संस्कृती म्हणाली, "त्या गाडीत तुमचा जीव जात हुता आन तुमी म्हनलात माझं काय. माझ्या आईचंबी हेच चाललंय. हे आसं गप ऱ्हानं मला जमायचं न्हाय. मी शिकणारबी न्हाय."

तिनं पिशवी खुर्चीवर ठेवली. लीलाबाईंनी तांब्या पुढं केला नाही. संस्कृती फाट्यापर्यंत चालत आली आणि एस.टी.ची वाट बघत उभी राहिली. ऊन होतं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. तिला भांडायचंच होतं अजून, आणि समोर कुणी नव्हतं.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. काटेवाडीत आणि बावड्यात एकच बोललं गेलं, गेणूच्या पोरीनं चाकावरनं लग्न मोडलं. शोरूममध्ये मॅनेजरनं तिला गाड्यांच्या दालनातून उचललं आणि मागच्या खोलीत विम्याच्या फोनवर बसवलं. इंदापूरच्या शाखेचं नाव तो काढीना. आबांनी स्वतः जाऊन मोठ्या गाडीचं बुकिंग रद्द केलं. ते आले तेव्हा ती फोनवर बोलत होती. त्यांनी तिच्या खोलीकडं पाहिलं नाही, तिनंही उठून विचारलं नाही. घरात दोघं एका ताटाच्या अंतरावर जेवायची आणि छबूबाईंच्या तोंडून एकमेकांना मीठ मागायची.

तिची पांढरी गाडी आली तेव्हा हार-पेढे काही झालं नाही. तिनंच चावी घेतली आणि घरी आणून अंगणात लावली. छबूबाईंनी चाकांखाली लिंबं ठेवली आणि बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं. आबा मोटरसायकलवरून गाडीला वळसा घालून जात राहिले.

पौषात इंदापुरात छबूबाईंच्या भाचीच्या बाळाचं बारसं होतं. पाळणा, शिदोरी, कपड्यांच्या पिशव्या, एवढं सगळं मोटरसायकलवर जाणार नव्हतं. आबा बराच वेळ अंगणात उभे राहिले आणि मग काही न बोलता पुढच्या सीटवर येऊन बसले.

बारशाच्या पंगतीत सिद्धू नावाचा आबांचा एक लांबचा चुलतभाऊ त्यांच्या शेजारी बसला होता. पुरुषांची पंगत ओसरीवर होती आणि संस्कृती वाढायला होती, म्हणून तिला सगळं ऐकू आलं. सिद्धू चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय गेणूराव, चाकावरनं मोडलं म्हनं लगीन?"

आबांनी भाताचा घास घेतला. "व्हय," ते म्हणाले. "चाकावरनंच."

लोक हसले. आबाही थोडं हसले. संस्कृतीच्या हातात आमटीची बादली होती. ती पंगतीच्या टोकापर्यंत वाढत गेली, बादली ठेवली आणि बाहेर येऊन गाडीत बसली.

परतताना इंदापूर मागं पडेपर्यंत तिनं धीर धरला.

"चाकावरनं नव्हतं, आबा."

आबा समोर बघतच म्हणाले, "मग लोकांस्नी काय सांगू?"

"जे झालं ते सांगा. पोरीला न इचारता गाडी दिली, न इचारता तिची नोकरी सोडवली, म्हनून तिनं मोडलं."

"आसं सांगितलं तर माझी लाज जाती."

"जाऊ द्या," ती म्हणाली. "माझी गेली तवा तुमी हसलात."

आबांचा चेहरा ताठ झाला. काहीतरी तिखट बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण मागच्या सीटवरून आधी छबूबाईच बोलल्या.

"म्या सांगितलं आज," त्या म्हणाल्या. "बायकांच्या पंगतीत. सगळं सांगितलं. तुमी सही कशी केली तेबी."

आबा मागं वळले. वळताना सीटचा पट्टा त्यांच्या छातीवर ताणला गेला. इतक्या वर्षांत ह्या बाईनं चार माणसांत त्यांच्याविरुद्ध एक शब्द काढलेला नव्हता. छबूबाई रिकाम्या पिशव्या मांडीवर घेऊन त्यांच्याकडं सरळ बघत होत्या.

"कुणाला इचारून सांगितलंस?" आबा म्हणाले.

"कुणालाच न्हाय," छबूबाई म्हणाल्या.

आबा पुन्हा समोर वळून बसले. संस्कृतीचाही राग उतरलेला नव्हता. आबांवरचा नव्हता आणि महिनाभर गप्प बसलेल्या आईवरचाही पुरता नव्हता. पण ती आता एकटी चिडलेली नव्हती. तिनं आरसा थोडा खाली केला, म्हणजे आईचं तोंड दिसेल, आणि गाडी काटेवाडीकडं चालवत राहिली.